मोटरखोलीतलं बिनकाट्यांचं घड्याळ

आमच्या घरात वेळ ऐकू यायची. सकाळची शिरपूरची एस.टी. फाट्यावर घरघरली की माय चुलीवरचा तवा उतरवायची, पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की आम्ही शाळेला निघायचो, आणि ट्रान्झिस्टरवर बातम्यांआधीचे टूं-टूं वाजले की आबा जेवायला बसायचे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना कमी बोलायचे. त्यांचं सगळं बोलणं आबांनी आधीच बोलून संपवलेलं असायचं. आबांची बायको, आमची अक्का, हिला मात्र कोणी गप्प करू शकलं नाही. एकत्र घर, एकच चूल, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पाट्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा. आज जळगावात माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे, पण त्यात रगडलेला ठेचा हा ठेचा नव्हे, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते.

तापीच्या काठाला आमचं केळीचं शेत होतं आणि त्याला विहीर होती अर्धीच. म्हणजे विहीर पूर्ण होती, पण हक्क अर्धा. उरलेला अर्धा धनाकाकांचा. ते आबांचे चुलतभाऊ. एक विहीर, एक मोटर, दोन घरं. वीज दिवसा जेवढा वेळ असेल तेवढ्याचे दोन भाग करायचे, एक भाग पाणी आमच्या केळीला, एक त्यांच्या. वेळ संपली की पाटावर फावडं मारून दारं मोडायचं आणि पाणी दुसऱ्याच्या बाजूला वळवायचं. माझ्या आजोबांच्या काळी ही पाळी विहिरीच्या कठड्यावरच्या सावलीनं ठरायची. मोट गेली, मोटर आली, वीज कधी सकाळी तर कधी दुपारी यायला लागली, आणि सावली कामाची राहिली नाही. मग धनाकाकांचं चावीचं मनगटी घड्याळ मध्ये आलं. त्या घड्याळाचा एक गुण होता. आमची पाळी असली की ते भराभर पळायचं, आणि त्यांची असली की बसून राहायचं.

"आबा, आजून पाच मिन्टं शेतस मना," धनाकाका मनगट पुढे करून म्हणायचे.

"तुना घडीना काटा बी तुनासारखा शे, धना," आबा म्हणायचे. "खाटलावरथून उठसच नही."

पाटावरचे मजूर हसायचे, धनाकाकाही हसायचे, आणि पाच मिनिटं घ्यायचे ती घ्यायचेच. पण उन्हाळा वाढला की हसू कमी होत जायचं. घड पोसायच्या दिवसांत केळीला पाणी चुकलं तर घड तसाच बारीक राहतो. एका वैशाखात दोघांनी एकमेकांच्या अंगावर फावडी उगारली, तेव्हा नाना मध्ये उभे राहिले. त्यांच्या तोंडून तेव्हा एवढंच निघालं, "काटाच नको."

म्हणजे काय ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं. शिरपूरला बाजारपेठेत एका राजस्थानी शेठजींचं कापडाचं दुकान होतं, आम्ही सणावाराचं कापड तिथूनच घ्यायचो. त्यांच्याकडे पूर्वी एक अजब घड्याळ होतं. काळी काच, आत काहीच नाही; बटण दाबलं की निखाऱ्यासारखे लाल आकडे पेटायचे आणि बोट काढलं की विझायचे. मी लहान असताना ते बघायलाच मी कापडाच्या दुकानात जायचे. शेठजी म्हणायचे, "बेटी, जास्त दाबू नकोस, हे जेवढं दिसतं तेवढं सेल खातं." पुढे त्यांच्या भाच्याच्या हातावर नवं आलं. राखाडी काच, त्यावर काळे आकडे, चोवीस तास दिसणारे. बटण नको, चावी नको, आणि सेल वर्ष-वर्ष पुरायचा. नानांच्या डोळ्यांत ते भरलं होतं. ज्याला काटे नाहीत त्याचा काटा कोण सरकवणार? दोन्ही घरांनी मिळून तसंच एक घड्याळ आणलं आणि ठरवलं, हे कोणाच्या मनगटावर जायचं नाही. विहिरीजवळ मोटरची पत्र्याची खोली होती. तिथे, स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला लटकवायचं. दोघांनी बघायचं, दोघांनी मानायचं.

अक्कानं ते आधी कानाला लावलं. "हाई काय वं? काटा नही, टिकटिक नही. जित्तं शे का मरेल शे?"

मग तिनं मला आकडे शिकवायला लावले. ती शाळेत गेलेली नव्हती, पण पाळी संपली की कोण खोटं बोलतं हे तिला स्वतः बघायचं होतं. मी ओट्यावर कापसाच्या पऱ्हाटीच्या सात काड्या मांडल्या. वरची, मधली, खालची, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. सगळ्या ठेवल्या की आठ. मधली काढली की शून्य. उजवीकडच्या दोनच ठेवल्या की एक. जगातला कुठलाही आकडा याच सात काड्यांतून निघतो हे बघून अक्का खूश झाली. दोन दिवसांत ती घड्याळ वाचायला लागली आणि तिसऱ्या दिवशी मायला शिकवायला लागली. "पाच आन सहामां एकच काडीना फरक शे, सांभाईसन वाच," असं तिनं मायला दटावलेलं मी ऐकलं आहे. मी पुढे आयुष्यभर मुलांना सात काड्यांचा हा आकडा फळ्यावर काढून शिकवला. अक्काइतक्या लवकर तो कोणाला आला नाही.

घड्याळाची देखरेख माझ्याकडे आली. बटणं कशी दाबायची हे मलाच कळत होतं हे एक कारण, पण खरं कारण धनाकाकांनी सांगितलं. "सुमीले ठेवा. पोर आज शे, सकाय सासरे जाई. तिले तुम्हनं पानी बी नही, आम्हनं बी नही." सगळ्यांनी मान डोलावली. मुलगी म्हणजे परक्या घरची, म्हणून दोन्ही घरांच्या भांडणात तीच निःपक्षपाती! मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ज्या कारणानं मुलींना कुठेच उभं राहू देत नाहीत, त्याच कारणानं मला एका जागी उभं केलं. कारण काही असो, जागा मिळाली. वीज आली की मी खोलीत जायचे, वेळ बघायचे, आणि पाळी संपली की बाहेर येऊन हाळी द्यायचे. माझ्या हाळीवर दोन घरांचं पाणी वळायचं. दोन्हीकडचे पुरुष फावडी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन बसले होते. शिरपूरला शास्त्र शाखेत मी गावातली एकटी मुलगी. पुढे धुळ्याला, वसतिगृहात राहून बी.एस्सी. करायचं माझ्या मनात होतं. नानांना मी सांगितलं होतं. नाना म्हणाले, "आबाले इचार." आबांना मायनं विचारलं. आबा "हां" म्हणाले नाहीत आणि "नही" पण म्हणाले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ, उन्हाळा संपेपर्यंत पोरगी कशी वागते ते बघू. आमच्या घरातून तोवर कोणीही, मुलगाही, कॉलेजला गेला नव्हता. धुळ्याहून एक स्थळ आलेलं होतं, ते पावसाळ्यानंतर बघायला येणार होते. सगळं त्या मे महिन्यावर टांगलेलं होतं.

मे महिना आमच्याकडे कसा असतो हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. सकाळी नऊला अंगण तापतं. बायका पहाटेच ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे बिबडे धोतरावर थापून मोकळ्या होतात, आणि बिबडा दुपारपर्यंत कडकडीत वाळतो. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. अशाच एका दुपारी वीज आली. धनाकाकांची पाळी होती. मी खोलीत गेले. पत्र्याला हात लावला असता तर फोड आला असता. वेळ बघितली, बाहेर येऊन सांगितली, आणि आंब्याखाली बसले. मोटर घुमत होती, पाटातून पाणी खळखळत होतं. बऱ्याच वेळानं परत आत गेले तर घड्याळात आकडा नव्हता. काच पूर्ण काळी. एखाद्यानं शाई ओतावी तशी. मी बटण दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, काही नाही. 

बाहेर आले तेव्हा आबा पाटावर फावडं टेकून उभे होते, वेळ झाली का ते विचारायला. "व्हयनी ना येय?"

मी घड्याळ दाखवलं. धनाकाका धावत आले. "आजून व्हयेल नही! आर्धी केय कोरडी शे मनी!" आबा म्हणाले, व्हयेल शे. दोघांचे आवाज चढले. वर्षभर जे भांडण मेलं होतं ते एका क्षणात उठून बसलं. धनाकाका म्हणाले, तुमच्या पोरीनं मुद्दाम बंद पाडलं. आबांना हे सहन होणारं नव्हतं. पण ते धनाकाकांवर न जाता माझ्यावर आले.

"बटनं दाबी दाबी मारी टाकं ना तू!" आबा म्हणाले. "एक घडी संभाळता उनी नही, आन धुय्याले जाईसन कालेज शिकशी?"

एवढ्या माणसांत आबांनी पहिल्यांदाच धुळ्याचं नाव घेतलं होतं, आणि ते असं. नाना पाटात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. त्या दिवशी पाणी कोणाकडेच वळलं नाही. आबांनी मोटर बंद केली आणि वीज असताना दोन्ही केळी तहानलेल्या राहिल्या.

मी घड्याळ मुठीत धरून घरी आले. मायनं ताट वाढलं. मी जेवले नाही. अक्का ओट्यावर बिबडे उचलत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं, गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. तिनं घड्याळ हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि चटका बसल्यासारखं माझ्या पदरात टाकलं.

"कसी तापेल शे हाई! मरेल नही वं, ऊन लागनं व्हई हिले. कांदा ठेव उशाले, आन कैरीनं पन्हं पाज!"

शेजारच्या बायका खदखदून हसल्या. मला रडू आलं. पण रडतारडता एक विचार डोक्यात शिरला आणि तो निघेना. बटणं मी रोज दाबत होते, रोज चालत होतं. आज वेगळं काय होतं? आज वेगळं होतं ते ऊन. खोलीची सावली सरकली होती आणि दाराच्या फटीतून ऊन थेट खिळ्यावर पडत होतं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. उन्हानं झालं असेल तर गारव्यानं जाईल का? अक्का थट्टा करत होती, पण थट्टेतली गोष्ट खरी असायला काय हरकत होती?

पाण्याच्या माठाखाली, तिवईच्या सावलीत ओलं पोतं अंथरलेलं असायचं. मी घड्याळ कोरड्या फडक्यात गुंडाळून तिथे ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. माठ झिरपत होता. मग फडकं उघडलं. काळोख कडांपासून विरत चालला होता. आधी एक काडी दिसली, मग दोन, मग मधला ठिपका, आणि बघताबघता पूर्ण वेळ. माझ्या तोंडून "अक्का!" एवढंच निघालं. अक्का धावत आली, तिच्या हातातले बिबडे सांडले.

"आवं माय, खरंच ऊन लागेल व्हतं!"

पण घड्याळ जी वेळ दाखवत होतं ती बरोबर होती का, हे कोण सांगणार? आबा ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडले होते, ट्रान्झिस्टर उशाशी. बातम्यांची वेळ होत आली होती. मी घड्याळ हातात धरून दारात उभी राहिले. टूं, टूं, टूं आणि शेवटचा लांब टूं. त्या लांब सुराबरोबर माझ्या हातातल्या घड्याळात तास बदलला. तंतोतंत. म्हणजे ते दुपारभर, काळं पडलेलं असतानाही, चालतच होतं. फक्त तोंड झाकलं होतं त्यानं. आबांनी कूस बदलली आणि घड्याळाकडे बघितलं. त्यांनी रेडिओ तसाच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नानांना सांगितलं की मला दोन्ही घरांसमोर हे दाखवायचं आहे. नानांनी दोन्ही घरांना बोलावलं. त्यांचं ते बोलावणं, न बोलणाऱ्या माणसाचं, म्हणून सगळे आले. मोटरखोलीपुढे मी घड्याळ तापलेल्या पत्र्यावर ठेवलं.  हे जमलं नाही तर धुळं गेलं, हे मला ठाऊक होतं. आकडे आधी जाडे झाले, मग एकमेकांत मिसळले, मग काच काळी. धनाकाका पुढे वाकले. मी ते उचललं, ओल्या फडक्यावर टेकवलं, पदरानं सावली धरली. कोणी हललं नाही. आकडे परत आले. एका मजुरानं शीळ घातली. मी पुन्हा पत्र्यावर ठेवलं, पुन्हा काळं. पुन्हा सावलीत, पुन्हा आकडे.

"म्हंजे," धनाकाका हळूच म्हणाले, "काल मना टाइम चालूच व्हता?"

"चालूच होता," मी म्हणाले. "माठाखाली आकडे परत आले तेव्हासुद्धा तुमची पाळी संपायला अवकाश होता, धनाकाका. आबांची चालू झाली नव्हती."

हे म्हणताना मी आबांकडे बघितलं नाही. घरच्या कर्त्याला, भाऊबंदाच्या समोर, पुतणीनं खोटं पाडलं होतं. मला वाटलं, संपलं. आबा पुढे आले, घड्याळ माझ्या हातातून घेतलं, स्वतः पत्र्यावर ठेवलं, स्वतः बघितलं, स्वतः सावलीत आणलं. मग धनाकाकांना म्हणाले, "आज पह्यले तू भर. कालनं ऱ्हायेल शे तुनं." आणि जमलेल्या सगळ्यांकडे वळून, "आपन बठ्ठा याले मरेल समजनूत." त्या दिवसापासून खिळा काढला. घड्याळ खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, ओल्या पोत्याजवळच्या फळीवर बसायला लागलं. त्यानंतर त्या दोन घरांत विहिरीवरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

त्या काळ्या काचेचं कोडं मला धुळ्याला गेल्यावर उलगडलं. त्या काचेत एक पातळ थर असतो, धड पाणी नव्हे, धड स्फटिक नव्हे. त्याचे कण शिस्तीनं, वळणं घेत उभे असतात आणि प्रकाशाला वळवून पलीकडे नेतात. मागेपुढे दोन जाळ्या, एकीच्या काड्या उभ्या, एकीच्या आडव्या; प्रकाश वळला तरच दोन्हींतून पार होतो. जिथे वीज लागते तिथे कण सरळ होतात, प्रकाश अडतो, काळी काडी दिसते. पण फार तापलं की सगळेच कण रांग मोडतात, प्रकाश कुठेच वळत नाही आणि अख्खी काच काळी. आणि खाली, त्या काचेशी काही देणंघेणं नसलेला, गारगोटीच्या जातीचा एक इवलासा स्फटिक थरथरत असतो, सेकंदाला बत्तीस हजारांवर वेळा. त्याच्या पुढे मोजणाऱ्यांची रांग बसलेली. प्रत्येकजण दोन ठोके ऐकतो आणि पुढच्याला एकच सांगतो. असं पंधरा जणांनी निम्मं निम्मं केलं की शेवटच्याच्या हातात सेकंदाला नेमका एक ठोका पडतो. सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले. सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, सर, हे आम्ही विहिरीवर बघितलंय.

पुढे ती घड्याळं स्वस्त झाली, धुळ्याच्या फुटपाथवर ढिगानं विकायला आली. गजर वाजवणारी, गाणं म्हणणारी, बेरजा करणारी. मग लोकांना कंटाळा आला आणि काटे परत आले. पण त्या काट्यांच्या पोटात तोच थरथरणारा स्फटिक. आता माझा नातू मनगटावरच्या काचेत पावलं आणि नाडी बघतो. तो म्हणतो, आजी, तुझ्या वेळी काय होतं? मी म्हणते, माझ्या वेळी माणसं होती आणि मला त्यांचा काही कमी उपयोग झाला नाही. अक्का नसती तर मी नुसतीच रडत बसले असते. नाना नसते तर कोणी बघायला जमलं नसतं. धनाकाका भांडले नसते तर घड्याळच आलं नसतं. आणि आबा...

निकाल लागला तेव्हा आबांनी हो म्हटलं नाही. त्यांनी फक्त धनाकाकांची बैलगाडी मागून आणली आणि माझी पत्र्याची पेटी तिच्यात ठेवली. फाट्यापर्यंत गाडी धनाकाकांनी हाकली. धुळ्याला वसतिगृहाच्या दारात आबा धोतर सावरत उभे राहिले, पेटी खांद्यावर, घामानं पाठ भिजलेली. वसतिगृहाच्या बाईंनी त्यांना नीट बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "एवढ्या लांबून मुलीला ठेवताय. घरी कोणी शिकलेलं नाही, मग सायन्सच कशासाठी, काका?"

आबांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "बाई, मरेल कोनतं आन थकेल कोनतं, हाई मनी पोरले वळखता येस," ते म्हणाले. "आम्हना घरमां दुसरा कोनले येत नही. मले बी नही."